आरोपी कोण हे तुम्हाला आधीच ठाऊक असते : गुन्हेमालिका लिहिणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
मराठी व हिंदी वाहिन्यांवरील गुन्हेमालिकांचे आणि दैनंदिन मालिकांचे लेखक-लेखिका,
तसेच त्या मालिकांना मंजुरी देणारे वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून तालुक्याच्या न्यायालयांत जवळजवळ तीस वर्षे काम करून मी निवृत्त झाले आहे. दिवसभर पोलिसांनी आणलेली कागदपत्रे वाचायची आणि रात्री जेवताना घरच्यांबरोबर तुमचे पोलीस पाहायचे, यात माझा निम्मा संसार गेला. तेव्हा हे पत्र मालिकांच्या नावाने नाके मुरडणाऱ्या बाईचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मी तुमची जुनी प्रेक्षक आहे आणि त्याच नात्याने, जरा अधिकार गाजवून, लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी न्यायालयाच्या आवारात एक वयस्कर शेतकरी मला भेटले. त्यांच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती. फिर्याद नोंदली गेली होती, संशय शेजाऱ्यावर होता आणि पुरावा म्हणावा असा काही नव्हता. ते म्हणाले, “वकीलबाई, त्याला ते मेंदूचं मशीन लावा की एकदा, म्हंजे खरं काय ते भाईर येईल.” मी त्यांना समजावून सांगितले की माणसाच्या संमतीशिवाय नार्को चाचणी, ब्रेन मॅपिंग किंवा पॉलिग्राफ करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात हे स्पष्ट केलेले आहे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बरं, मशीन नाही तर नाही. मग निदान दोन कानाखाली तरी द्यायला सांगा.”

हे गृहस्थ क्रूर नव्हते. गावच्या सप्ताहात पंगतीला वाढणारा, बैलालाही चाबूक न लावणारा माणूस होता तो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात, आणि पोलीस ठाण्याची पायरी तर त्याहून टाळतात. त्यामुळे ठाण्याच्या आत काय चालते हे बहुसंख्य माणसांना एकाच ठिकाणी पाहायला मिळते, ते म्हणजे तुमच्या मालिकेत. त्या शेतकऱ्याने जे मागितले ते त्याने रोज रात्री पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी त्याचा गुण आलेलाही पाहिला होता.

माझे सगळे म्हणणे या ‘गुण येण्या’विषयी आहे. तुमच्या मालिकेत साहेब संशयिताच्या कानाखाली मारतो आणि संशयित घडाघडा बोलू लागतो. तो बोलतो ते खरेच निघते. का निघते? कारण खून कोणी केला हे तुम्हाला पहिल्या पानापासून ठाऊक असते आणि तुम्ही ती थप्पड नेमकी त्याच गालावर बसवता. ठाण्यातल्या फौजदारापाशी पटकथा नसते. त्याच्यापुढे तीन संशयित असतील आणि तिघांनाही त्याने मारले, तर कदाचित तिघेही कबूल होतील, आणि चौथाच माणूस गावात मोकळा फिरत राहील. इतक्या वर्षांत पडद्यावरची थप्पड निरपराध माणसाला बसली, तिच्या भीतीने त्याने खोटे कबूल केले आणि त्यापायी सारा तपास फसला, अशी गोष्ट मी क्वचितच पाहिली. प्रेक्षकाला मारहाणीचे आकर्षण वाटते हा दोष मी तुम्हाला देत नाही, कारण ते आकर्षण तुमच्या आधीपासूनचे आहे. आपली वर्तमानपत्रेसुद्धा ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला’ असे हसत हसत छापत आली आहेत आणि ठाण्यातल्या पट्ट्याला आपण लाडाने ‘बाजीराव’ म्हणत आलो आहोत. माझी तक्रार एवढीच आहे की हा पट्टा कधी चुकत नाही, ही समजूत घराघरांत पक्की करण्याचे काम तुम्ही केले.

कायद्याला मात्र हे फार पूर्वी कळले होते. मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस खात्याकडून होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ साली जे बाहेर काढले, त्यानंतर काही वर्षांतच, १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही असा नियम आला. तो १८७२ च्या पुरावा कायद्यात कायम राहिला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. परक्या राज्यकर्त्यांनीसुद्धा आपल्याच पोलिसांच्या हातच्या कबुलीवर विश्वास ठेवला नाही, आणि आपण स्वतंत्र होऊन इतकी वर्षे झाली तरी तिच्यावर मालिकेचा शेवट करतो. शिवाय कबुली काढण्यासाठी कोणाला दुखापत करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. दंड संहितेत तो कलम ३३० खाली होता, आता न्याय संहितेत कलम १२० खाली आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. याचा अर्थ असा की तुमचा नायक जवळजवळ प्रत्येक भागात सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा करतो आणि वर पार्श्वसंगीत त्याला शाबासकी देते.

कबुलीपाशी तुमची गोष्ट संपते. आमचा खटला तिथे सुरूसुद्धा झालेला नसतो. मारून मिळवलेली कबुली घेऊन एखादा तपास अधिकारी माझ्याकडे आला की मला पहिला प्रश्न पडे तो हा, की या कबुलीखेरीज याच्याकडे दुसरे काय आहे? बरेचदा काहीच नसे, कारण आरोपी बोलला म्हटल्यावर पुढचे कंटाळवाणे काम करायची कोणाला घाई उरत नाही. पंच म्हणून ठाण्यासमोरचा टपरीवाला उभा केलेला असतो, जप्त केलेल्या कोयत्याला लाखेचे सील नसते, स्टेशन डायरीतील वेळ आणि पंचनाम्यातील वेळ जुळत नाही. मग साक्षीदार फितूर होतात, आरोपी सुटतो, आणि लोक म्हणतात की कायद्यात पळवाटा फार, वकिलांनी सोडवला. आरोपी सुटला तो पंचनाम्यातल्या चुकीच्या वेळेमुळे, हे कोणालाही सांगून पटत नाही, कारण पंचनामा म्हणजे काय हेच त्यांनी कधी पाहिलेले नसते. पडद्यावर मृतदेहाभोवती खडूची रेघ आणि पिवळी पट्टी दिसते. उन्हात मांडीवर पुठ्ठा घेऊन चार तास लिहीत बसलेला हवालदार दिसत नाही.

या हवालदाराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याच्यावर तुम्ही सर्वात मोठा अन्याय केला आहे. मालिकेत तो पोट सुटलेला असतो, साहेबाच्या मागे छत्री धरतो, चहा सांडतो आणि विनोदासाठी दोन वाक्ये बोलतो. अक्कल फक्त खांद्यावर तारे असलेल्यांना असते, असा तुमचा एक अलिखित नियम आहे. मी ज्या तपासांवर शिक्षा लागलेल्या पाहिल्या, त्यांपैकी कितीतरी तपास प्रत्यक्षात ठाण्यातल्या रायटरने, म्हणजे तपासाची कागदपत्रे लिहिणाऱ्या हवालदाराने, उभे केलेले होते. कोणत्या साक्षीदाराचा जबाब आधी घ्यायचा, कोणता कागद कुठे जोडायचा, कोणत्या मुद्देमालाची पोचपावती राहिली आहे, हे त्याच्या डोक्यात असते, आणि हे सगळे गणपतीचा बंदोबस्त, मंत्र्यांचा दौरा, समन्स बजावणे आणि रद्द झालेली साप्ताहिक सुट्टी यांतून वेळ काढून चाललेले असते. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याची बातमी झाली होती, यावरूनच एरवीचा दिवस किती तासांचा असतो हे ओळखावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर जिवंत अतिरेक्याची बंदूक छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सहायक फौजदार होते आणि त्यांच्या हातात लाठी होती. त्यांच्या दर्जाच्या माणसाला तुम्ही एरवी कोणती भूमिका देता, हे एकदा आपले आपण आठवून पाहा.

दूरचित्रवाणी पोलिसांचे चित्रण नीट करूच शकत नाही, असे मात्र नाही. मी कायद्याचे शिक्षण घेत होते त्या सुमारास, १९८९ मध्ये, दूरदर्शनवर ‘उडान’ सुरू झाली. कविता चौधरी यांनी आपल्या बहिणीच्या, म्हणजे पोलीस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या, आयुष्यावरून ती लिहिली होती, आणि त्याच कांचन चौधरी पुढे २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या त्या पदावरच्या पहिल्या महिला. आमच्या वसतिगृहातील एक मुलगी ती मालिका पाहून फौजदारपदाच्या परीक्षेला बसली आणि पासही झाली. त्या मालिकेतली नायिका दरवाजे तोडत नव्हती. ती अर्ज लिहीत होती, अभ्यास करत होती, वरिष्ठांशी वाद घालत होती, आणि तरीही आम्ही पुढच्या आठवड्याची वाट पाहत असू. त्याच दूरदर्शनच्या काळात ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका होती, तीही आमच्या पिढीला आठवते. तिच्यातले शिवाजी साटम पुढे १९९८ पासून ‘सीआयडी’त दोन दशके दिसले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आले. ‘सीआयडी’ची थट्टा करणे सोपे आहे, आणि आमच्या घरात ती यथेच्छ होते. खुद्द महाराष्ट्राच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि मुंबईतले रोजचे खून मुंबई पोलिसांची गुन्हे शाखा पाहते, हे आमच्या घरी दर आठवड्याला मीच सांगायचे आणि दर आठवड्याला मला गप्प बसवले जायचे. पण त्या मालिकेने मुलांच्या मनात एक चांगली गोष्ट रुजवली, ती म्हणजे गुन्हा निरीक्षणाने आणि प्रयोगशाळेने उकलतो. पुढे मात्र प्रयोगशाळेलाही तिने जादूगार करून टाकले.

त्या जादूची किंमत आम्ही मोजतो. प्रत्यक्षात नमुने मोहोरबंद करून कलिना, पुणे, नागपूर वगैरे ठिकाणच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात आणि ज्याला आम्ही सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतो तो रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायला महिने लागतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि त्याचे चित्रीकरण करणे सांगितले आहे, ही चांगली तरतूद आहे, पण त्यामुळे प्रयोगशाळेवरचा भार वाढणारच. मृत मुलीचे वडील दर तारखेला विचारतात की अहवाल का आला नाही. टीव्हीवर तर डॉक्टर काचेच्या नळीत दोन थेंब टाकून लगेच सांगतो. मग ते ठरवून टाकतात की पोलिसांनी पैसे खाल्ले. कधी कधी खाल्लेले असतातही, हे मी नाकारत नाही. पण जिथे खाल्लेले नाहीत तिथेही संशय येतो, आणि संशय आलेला फिर्यादी मनाने खटल्यातून निघून जातो.

दैनंदिन मालिकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांत पोलीस पाच मिनिटांपुरते येतात. पण ती पाच मिनिटे महाराष्ट्रातील बायका सर्वाधिक पाहतात. लग्नाच्या मांडवात किंवा ऐन लक्ष्मीपूजनाला इन्स्पेक्टर येतो, खलनायिकेच्या सांगण्यावरून सुनेला बेड्या घालतो आणि रात्री नऊ वाजता घेऊन जातो. हातात कागद नाही, सोबत महिला पोलीस नाही, कलम कोणते ते कोणी विचारत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. घरातल्या पंचवीस माणसांपैकी एकजण जरी म्हणाला, “साहेब, अटकेचं कारण सांगा, आणि चोवीस तासांच्या आत कुठल्या कोर्टात हजर करणार ते सांगा,” तर त्या एका वाक्याचा उपयोग पाहणाऱ्या कितीतरी घरांना होईल. त्याऐवजी सगळे रडतात, आणि चार भागांनंतर नायक पेन ड्राइव्ह आणून दाखवतो, मग साहेब “सॉरी” म्हणून तिला सोडून देतो. न्यायालयाने कोठडी दिल्यावर आरोपीला ठाण्यातला साहेब आपल्या मनाने सोडू शकत नाही, हे लेखकाला माहीत नसेल असे मला वाटत नाही. त्याला ते गोष्टीच्या आड येते.

तक्रार नोंदवण्याचेही तसेच. तुमचा चांगला पोलीस गरिबाची फिर्याद घेतो तेव्हा तो उपकार करत असतो आणि ती म्हातारी त्याच्या पाया पडते. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ‘ललिता कुमारी’ निकालात सांगितले. आता तर हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही ठाण्यात माहिती द्यावी, असे संहितेतच लिहिलेले आहे. जे हक्काने मिळायचे त्याबद्दल पाया पडायला शिकलेली माणसे, ते नाकारले गेले की भांडत नाहीत, गुपचूप घरी जातात. ठाणे अंमलदाराने ‘अदखलपात्र’ लिहून हाती दिलेला कागद जपून ठेवलेल्या कितीतरी बाया मी पाहिल्या आहेत. गुन्हा दाखल झाला अशी त्यांची समजूत होती.

आता चकमकींविषयी. हैदराबादमध्ये एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवरील अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी ६ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा लोकांनी त्या जागी जाऊन पोलिसांवर फुले उधळली. नागपूर खंडपीठात वकिली केलेले, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने त्या घटनेची चौकशी केली आणि २०२२ साली निष्कर्ष काढला, की आरोपींवर जीव घेण्याच्या हेतूने जाणूनबुजून गोळीबार करण्यात आला. आयोगाने दहा पोलिसांवर खटला चालवण्याची शिफारसही केली. फुलांच्या चित्रफिती देशभर फिरल्या. आयोगाचा अहवाल माझ्या ओळखीतल्या वकिलांनीही पुरता वाचलेला नाही. आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला आणि मुंबईत ‘बदला पूरा’ असे फलक लागले. मुंबई उच्च न्यायालयाने दोनच दिवसांनी पोलिसांच्या कथनावर कठोर प्रश्न विचारले, पण तोवर शहरातल्या चर्चेत निकाल लागून गेलेला होता. ही फुले आणि हे फलक तुमच्यामुळेच आले, असा आरोप मी करणार नाही. वकील आहे, कार्यकारणभाव सिद्ध केल्याशिवाय बोलायची सवय नाही. रखडणारे खटले, रिक्त पदे, न्यायालयातली तारखेवर तारीख यांनी लोकांचा धीर संपवला आहे, आणि त्यात माझ्या व्यवसायाचाही वाटा आहे. पण त्या संपलेल्या धीराला तुम्ही रोज रात्री एक आयता शेवट पुरवता, ज्यात न्यायालय हा फक्त अडथळा असतो. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियन पोलीस फाउंडेशनच्या कार्यक्रमात हिंदी चित्रपटांतल्या अशाच नायक पोलिसाबद्दल इशारा दिला होता आणि त्या पटांमध्ये न्यायाधीश कसे भित्रे व बावळट दाखवले जातात तेही सांगितले होते. चित्रपट माणूस वर्षातून चारदा पाहतो, मालिका आठवड्यातून पाच दिवस.

तुम्ही म्हणाल की ही करमणूक आहे आणि प्रेक्षक तेवढा शहाणा आहे. असेल. पण एखादे पात्र सिगारेट पेटवते तेव्हा पडद्यावर इशारा येतो, कारण पाहून माणूस शिकतो हे सरकारने आणि तुम्हीही मान्य केलेले आहे. त्याच पडद्यावर माणसाला उलटे टांगले जाते तेव्हा खाली काहीही येत नाही. तिथे पट्टी यावी अशी माझी मागणी नाही. पट्ट्या कोणी वाचत नाही, आणि सेन्सॉरचा आणखी एक अधिकारी वाढवून कोणाचे भले होणार नाही. मला गोष्टच वेगळी हवी आहे. थप्पड चुकीच्या माणसाला बसल्याची गोष्ट लिहा. न मारता, तीन दिवस एसटीच्या वाहकांचे जबाब घेत फिरणाऱ्या हवालदाराची गोष्ट लिहा, त्यात रहस्य कमी पडणार नाही याची हमी मी देते. कायद्याने हात बांधलेला अधिकारी आणि त्याच्यावर वरून येणारा दबाव, यात जेवढे नाट्य आहे तेवढे तोडलेल्या दरवाजात नाही.

कोलकात्याच्या एका कायदासाहाय्य संस्थेचे दिलीपकुमार बसू यांनी १९८६ साली कोठडीतील मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झाले आणि त्यातून १९९६ साली अटकेसंबंधी अकरा नियम आले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसावे, अटकेच्या वेळी पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही घ्यावी, नातेवाइकाला कळवावे, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे त्यांतले काही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितले. यातली एकेक गोष्ट दृश्यात घ्यायला तुम्हाला दहा-बारा सेकंद लागतील.

माझी एक सूचना आहे, आणि ती गंभीरपणे घ्यावी. तुम्ही वेशभूषेसाठी टोपीचा कोन आणि पट्ट्याचे बक्कल तपासायला माणूस ठेवता, तसाच ठाण्यातले आणि न्यायालयातले दृश्य वाचायला एखादा निवृत्त फौजदार, एखादा सरकारी वकील ठेवा. आमच्यासारखे पुष्कळ आहेत, दुपारच्या वेळी रिकामे असतात आणि मानधनाबद्दल फारशी घासाघीस करणार नाहीत. मी स्वतः पहिली दहा दृश्ये फुकट वाचून देईन. फक्त संवाद सोडून द्यायची तयारी ठेवा, कारण “सर्च वॉरंट आहे का?” हा तुमचा आवडता प्रश्न आपल्या फौजदाराला जवळजवळ कधीच अडवत नाही. वॉरंटशिवाय झडती केव्हा घेता येते आणि त्यासाठी आधी काय लिहून ठेवावे लागते, हे मी पहिल्याच भेटीत समजावून सांगेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त सहायक सरकारी अभियोक्ता